तान्हे बाळ उताणे का निजत नाही?

मधल्या सुट्टीत चहा घेताना आमच्या शाळेतल्या एका बाईंनी प्रश्न टाकला. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे. नात दीड महिन्याची. बाई म्हणाल्या, "पोरगी उताणी म्हणून निजत नाही. खाली ठेवली की दचकते, दोन्ही हात फेकते आणि रडायला लागते. माझ्या खांद्यावर पालथी मात्र तासन्‌तास झोपते. काल रात्री तीन वाजता मी म्हटलं, निजवू या हिला गादीवर पालथी. तर लेक म्हणते, अजिबात नाही, डॉक्टरांनी बजावलंय. आणि गंमत बघा, माझ्या मोठ्या जाऊबाई १९८० साली अमेरिकेत बाळंत झाल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीच त्यांना बाळाला पालथं निजवायला सांगितलं होतं! दोन्ही मुलं पालथी झोपूनच मोठी झाली. मग चुकलं कोण? तेव्हाचे डॉक्टर की आताचे?"

गणिताचे सर म्हणाले, "तुमचं विज्ञान रोज मत बदलतं. कोणाचं ऐकायचं?"

घंटा झाली आणि गप्पा तिथेच थांबल्या. पण प्रश्न थांबण्यासारखा नव्हता. बाळाला उताणे निजणे का आवडत नाही? पालथे निजवण्यात धोका आहे हे कसे कळले? कळायला इतका उशीर का झाला? आणि रात्री तीन वाजता त्या आजीने करायचे काय? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती क्रमाने पाहू.

दचकणारे हात

तान्ह्या बाळाला खाली ठेवताना त्याचे डोके किंचित मागे गेले किंवा शेजारी एखादे भांडे पडले, तर ते काय करते ते आठवा. दोन्ही हात झटकन बाहेर फेकले जातात, बोटे फाकतात, क्षणभरात हात मिठी मारल्यासारखे पुन्हा छातीकडे येतात आणि मग रडू कोसळते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली या हालचालीचे वर्णन केले. म्हणून तिला 'मोरो प्रतिक्षिप्त क्रिया' असे नाव पडले. बाळ जन्मल्यावर डॉक्टर ती मुद्दाम तपासून पाहतात. ती दोन्ही बाजूंना सारखी दिसली, तर मज्जासंस्था ठीक असल्याची ती एक खूण असते. मोरो यांना या क्रियेत माकडाच्या पिल्लाची मिठी दिसली. झाडावरून झाडावर जाणाऱ्या आईच्या अंगाला चिकटलेल्या पिल्लाचा आधार सुटू लागला, तर त्याने प्रथम घट्ट धरायला हवे. आपल्या बाळाला धरायला केस उरले नाहीत, पण धरण्याची धडपड उरली. साधारण चार ते सहा महिन्यांत ती आपोआप मावळते.

उताण्या बाळाचे हात मोकळे असतात, म्हणून दचकणे पुरते होते आणि त्या हालचालीनेच बाळ जागे होते. पालथ्या बाळाची छाती, पोट आणि हात अंथरुणाला टेकलेले असतात. हात फेकायला वावच नसतो. दचक तिथल्या तिथे विरते आणि झोप चालू राहते.

दुसरे कारण झोपेच्या प्रकारात आहे. मोठ्या माणसाला आधी शांत झोप लागते आणि स्वप्नांची झोप नंतर येते. तान्ह्या बाळाचे उलटे असते. ते प्रथम 'सक्रिय झोपे'त शिरते. त्या वेळी पापण्यांखाली बुबुळे हलतात, श्वास कमी-जास्त होतो, बोटे वळवळतात, ओठांवर हसू येते. सटवाई हसवते असे आपल्याकडे म्हणतात ती हीच वेळ. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या प्रकारची असते. या अवस्थेत ते सहज जागे होते. आपल्याला वाटते झोपले, म्हणून आपण ठेवायला जातो. प्रत्यक्षात ते झोपेच्या उंबऱ्यावरच असते.

तिसरे कारण अलीकडे कळले. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आया आणि बाळे यांच्यावर काही साधे प्रयोग केले आणि ते २०२२ साली प्रसिद्ध केले. बाळाला कडेवर घेऊन चालताना, मांडीवर घेऊन बसताना आणि अंथरुणावर ठेवताना त्याच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद केली. समज असा होता, की पाठ गादीला टेकली की बाळ जागे होते. नोंदीत दिसले ते वेगळेच. पाठ टेकण्याआधीच, बाळाचे अंग आईच्या अंगापासून सुटू लागते त्या क्षणापासून ठोके वाढू लागत. म्हणजे बाळाची तक्रार पाठीबद्दल नसते, दुराव्याबद्दल असते. पालथे ठेवल्यावर पोटाला आणि छातीला स्पर्श मिळतो. ती जणू आईच्या अंगाची नक्कल होते, आणि बाळ फसते.

म्हणजे बाईंचे निरीक्षण अचूक आहे. पालथे बाळ लवकर झोपते, जास्त वेळ झोपते आणि कमी दचकते. यात कोणाचे दुमत नाही. प्रश्न पुढचा आहे: ही गाढ झोप चांगली का?

पालथे निजवण्याचा सल्ला कोठून आला?

बेंजामिन स्पॉक या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली निघाले आणि जगभर घराघरांत गेले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथे निजवणे बरे, असा सल्ला आला. कारणे दोन होती: उताण्या बाळाने उलटी केली तर ती घशात अडकेल आणि एकाच बाजूला मान करून निजल्याने डोके चपटे होईल. दोन्ही कारणे ऐकायला पटणारी. त्यांत भर पडली रुग्णालयांतील अनुभवाची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वासाचा त्रास असतो. त्यांना पालथे ठेवले की रक्तातील प्राणवायू सुधारतो, हे खरेच आहे. आजही नवजात अतिदक्षता विभागात तसे करतात, पण तिथे अंगाला यंत्रे जोडलेली असतात आणि परिचारिका समोर असते. तिथली पद्धत घरच्या निरोगी बाळाला लावली गेली. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे १९७० च्या दशकात पालथे निजवणे हीच शहाणी रीत ठरली. बाईंच्या जाऊबाईंना मिळालेला सल्ला तो हाच.

एक गोष्ट मात्र कोणी केली नाही. निरोगी बाळांना असे निजवले तर काय होते, हे मोजून पाहिले नाही. पटणारे कारण हाच पुरावा मानला गेला.

पाळण्यातले मृत्यू

याच देशांत डॉक्टरांना एक कोडे छळत होते. संध्याकाळी हसत-खेळत असलेले दोन-तीन महिन्यांचे बाळ सकाळी पाळण्यात मेलेले आढळे. ताप नाही, जखम नाही. शवविच्छेदनातही काही सापडत नसे. या प्रकाराला 'पाळण्यातला मृत्यू' म्हणत. पुढे 'अर्भकाचा आकस्मिक अनाकलनीय मृत्यू' असे नाव मिळाले आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिड्स' हा शब्द रूढ झाला. यातले बहुसंख्य मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत आणि त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात.

कित्येक आईबापांवर संशय घेतला गेला. अनेक आया उरलेले आयुष्य स्वतःला दोष देत राहिल्या. संशोधक विषाणू, ॲलर्जी, हृदयाचा दोष असे काहीबाही शोधत होते. बाळ कसे निजले होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

तरी खुणा होत्या. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड अब्रॅमसन यांनी अशा मृत्यूंची पाहणी केली, तेव्हा बहुतेक बाळे पालथी आढळली होती. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील डॉक्टर सुसान बील मृत बाळांच्या घरी स्वतः जात, आईबापांजवळ बसत आणि बारीकसारीक विचारून लिहून घेत. १९८० च्या दशकात त्या उघडपणे सांगू लागल्या, की पालथ्या झोपेचा या मृत्यूंशी संबंध दिसतो. १९८५ साली हाँगकाँगहून डी. पी. डेव्हिस यांनी लिहिले, की तिथे दाटीवाटीची वस्ती असूनही असे मृत्यू फार थोडे आहेत आणि चिनी आया बाळांना परंपरेने उताणे निजवतात. नेदरलँड्समध्ये पालथे निजवण्याची पद्धत १९७० च्या सुमारास पसरली होती. तिच्या आधी तिथे दर हजार जन्मांमागे असे मृत्यू सुमारे अर्धा इतके होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते एकाच्या वर गेले.

वर्गात करण्याजोगा हिशेब

इथे थोडे थांबू. 'मेलेली बहुतेक बाळे पालथी होती' एवढ्यावरून काही सिद्ध होते का? नववी-दहावीच्या मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. बरेच जण 'हो' म्हणतील. मग पुढील आकडे फळ्यावर लिहा. ते केवळ समजण्यासाठी कल्पिले आहेत.

समजा, एका प्रदेशात १०० बाळे अशी मेली. त्यांतील ७५ पालथी निजली होती, २५ नव्हती. आता त्याच भागातील, त्याच वयाची ४०० जिवंत बाळे घ्या आणि त्यांच्या आयांना विचारा, "काल बाळाला कसे निजवले होते?" समजा, ३०० जणी म्हणाल्या, पालथे. म्हणजे जिवंत बाळांतही प्रमाण तेच, शंभरात ७५. मग पालथे निजण्याचा मृत्यूशी संबंध दिसला नाही. पण समजा, ४०० पैकी १२० जणीच 'पालथे' म्हणाल्या, तर? मेलेल्यांत पालथ्यांचे इतरांशी गुणोत्तर ७५ : २५, म्हणजे ३. जिवंतांत ते १२० : २८०, म्हणजे तीन सप्तमांश. एकाला दुसऱ्याने भागले, की ७ येतात. पालथ्या निजणाऱ्या बाळाला धोका सातपट, असा ढोबळ अर्थ.

सगळी ताकद त्या जिवंत बाळांत आहे. तुलनेचा गट नसेल, तर मेलेल्यांची मोजणी काहीच बोलत नाही. आजाराची कारणे शोधण्याची ही पद्धत साधी आहे, पण ती वापरायला शंभर घरी दुःखाच्या वेळी जाऊन प्रश्न विचारावे लागतात.

तसे काम झाले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी अशी तुलना करून १९९० साली प्रसिद्ध केली. पालथ्या बाळांचा धोका ८.८ पट निघाला. फार जाड पांघरूण आणि उष्ण खोली यांनीही धोका वाढत होता. न्यूझीलंडमध्ये तेव्हा प्रगत देशांतील सर्वांत जास्त, हजारी सुमारे चार, असे मृत्यू होत होते. तिथे १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे देशव्यापी पाहणी झाली. तीन बदलता येण्याजोग्या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: पालथे निजवणे, आईचे धूम्रपान आणि अंगावर न पाजणे.

देशच्या देश कूस बदलतात

तुलनेतून संबंध दिसला, तरी शंका राहतेच. पालथे निजवणाऱ्या घरांत आणखीही काही वेगळे असेल. शंका फेडण्याचा मार्ग एकच: रीत बदलायची आणि काय होते ते पाहायचे. नेदरलँड्सने १९८७ साली आपला सल्ला उलटवला. न्यूझीलंडने १९९१ मध्ये मोहीम काढली. ब्रिटनमध्ये ॲन डायमंड या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध निवेदिकेचे बाळ १९९१ च्या उन्हाळ्यात असेच गेले. त्यांनी न्यूझीलंडला जाऊन तिथले काम पाहिले आणि सरकारच्या मागे लागून डिसेंबर १९९१ मध्ये मोहीम सुरू करायला लावली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली सल्ला बदलला आणि १९९४ साली देशभर प्रचार झाला.

परिणाम डोळ्यांत भरणारा होता. ब्रिटनमध्ये एका वर्षात हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अमेरिकेत १९९२ साली दर हजार जन्मांमागे ते सुमारे १.२ होते, ते २००१ साली ०.५६ झाले. नवी लस नव्हती, औषध नव्हते, यंत्र नव्हते. बाळाला फक्त दुसऱ्या अंगावर निजवले होते. पुढे अमेरिकेत काही मृत्यूंची नोंद गुदमरणे वगैरे दुसऱ्या नावांखाली होऊ लागली, म्हणून नंतरचे आकडे जपून वाचावे लागतात. पण पहिली मोठी घट नावांच्या अदलाबदलीची नव्हती. त्या वयातील बाळांचे एकूण मृत्यूही तेव्हा कमी झाले होते.

आता गोष्टीची कडू बाजू. २००५ साली लंडनच्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्यांच्या मते उपलब्ध माहिती एकत्र केली असती, तर १९७० सालीच धोका ओळखता आला असता. तो ओळखून सल्ला दिला असता, तर ब्रिटनमधील १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळे वाचली असती.

इतका उशीर का झाला? हजारात चार मेली, म्हणजे ९९६ जगली. एखादी आजी आयुष्यात दहा-बारा नातवंडे पाहते. एखादा डॉक्टर असे मृत्यू चार-दोन पाहतो, तेही विखुरलेले. पालथ्या झोपेची सोय प्रत्येक घराला रोज रात्री दिसते. तिचा धोका हजार घरे एकत्र मोजल्याशिवाय दिसत नाही. जाऊबाईंची मुले सुखरूप वाढली हे खरे, आणि धोका होता हेही खरे. दोन्हींत विसंगती नाही.

गाढ झोपेतच धोका

पालथे निजल्याने नेमके काय होते? सगळे दुवे अजून जुळलेले नाहीत, पण मुख्य चित्र स्पष्ट आहे.

पालथ्या बाळाचे नाक अंथरुणाजवळ असते. मऊ गादीत चेहरा रुतला, की नाकाभोवती हवेचा लहानसा कप्पा तयार होतो. बाळ सोडलेलाच श्वास पुन्हा घेऊ लागते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड शेकडा ०.०४ इतकाच असतो, उच्छ्वासात तो शेकडा ४ च्या आसपास, म्हणजे शंभरपट. चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. प्रत्येक श्वासागणिक त्या कप्प्यात प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. शिवाय बाळाच्या शरीरातील बरीचशी उष्णता चेहऱ्यावाटे आणि डोक्यावाटे बाहेर पडते. ती वाटही बंद होते.

निरोगी शरीराकडे यावर तोड आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, की मेंदूच्या तळाशी असलेला मस्तिष्कस्तंभ गजर करतो. बाळ खोल श्वास घेते, कण्हते, मान वळवते, जागे होऊन रडते. म्हणजे जागे होणे हीच ढाल आहे. आणि पालथ्या झोपेत नेमकी ती ढाल बोथट होते. मेलबर्न येथे रोझमेरी हॉर्न आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या बाळांच्या नाकपुडीत हवेचा बारीक झोत सोडून पाहिले. दोन-तीन आठवड्यांच्या आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळांना जागे करायला पालथ्या स्थितीत जास्त जोराचा झोत लागला. आपण जिला छान गाढ झोप म्हणतो, ती अशी असते.

तरी बहुतेक पालथी बाळे जगतात. मग काहींचाच बळी का जातो? बॉस्टन येथील हॅना किनी यांना अशा अनेक मृत बाळांच्या मस्तिष्कस्तंभात सेरोटोनिन या रसायनाशी निगडित यंत्रणेत बिघाड आढळला. श्वास, तापमान आणि जाग येणे यांचे नियंत्रण याच यंत्रणेकडे असते. १९९४ साली त्यांनी आणि फिलियानो यांनी तीन गोष्टींचे सूत्र मांडले: मुळात नाजूक बाळ, पहिल्या काही महिन्यांचे अडचणीचे वय आणि बाहेरचा ताण. तिन्ही एका वेळी जुळले, की घात होतो. पहिली गोष्ट वरून दिसत नाही. दुसरी टाळता येत नाही. आपल्या हातात फक्त तिसरी आहे, म्हणून सगळ्याच बाळांना उताणे निजवायचे.

उलटी घशात जाणार नाही का?

स्पॉक यांच्या काळापासूनची ही भीती आपल्या घरांतही आहे. शरीररचना वेगळे सांगते. श्वासनलिका पुढच्या बाजूला, अन्ननलिका तिच्या मागे, पाठीकडे. बाळ उताणे असले, की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. पोटातून वर आलेले दूध खालच्या नळीत राहते. वरच्या नळीत जायला त्याला चढावे लागेल. पालथे असताना श्वासनलिका खाली येते. मुलांना दाखवायचे असेल, तर रबराच्या दोन नळ्या एकीवर एक बांधून आडव्या धरा, त्यांची तोंडे एका उथळ बशीच्या कडेशी आणा आणि बशीत थोडे पाणी सोडा. पाणी आधी कोणत्या नळीत जाते ते दिसेल. शिवाय बाळाला खोकण्याची आणि गिळण्याची उपजत क्रिया असते. इतक्या देशांतील बाळे उताणी निजू लागल्यावर उलटी अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. दूध काढणाऱ्या सर्वसाधारण बाळांनाही हाच सल्ला लागू आहे. काही थोड्या आजारांत डॉक्टर वेगळे सांगतील, तेव्हा त्यांचे ऐकावे.

कुशीवर निजवणे हा मधला मार्ग वाटतो. पण तान्ह्याला कूस टिकवता येत नाही, ते घरंगळून पालथे होते. म्हणून सुरुवातीला चालवून घेतलेला तो मार्गही पुढे वर्ज्य ठरला.

रात्री तीन वाजता

आता त्या आजीकडे वळू. बाळाची तक्रार दुराव्याची, दचकण्याची आणि हलक्या झोपेची आहे, हे कळले की उपाय सुचतात.

बाळाला जवळ घेऊन सुमारे पाच मिनिटे सावकाश, न थांबता चालावे. झोप लागल्यावर लगेच न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे. जपानी संशोधकांचा सल्ला हाच आहे. तेवढ्यात सक्रिय झोप सरून श्वास संथ होतो, हात ढिले पडतात. आधी कंबर, मग पाठ, शेवटी डोके असे टेकवावे आणि छातीवर हात काही वेळ तसाच ठेवावा. आपल्या आज्या हे करतच आल्या आहेत.

पहिल्या दोन महिन्यांत पातळ सुती दुपट्यात हात गुंडाळले, तर दचक आवरते. दुपटे छातीशी घट्ट नको, पाय मात्र मोकळे हलले पाहिजेत, नाहीतर खुब्याचे सांधे बिघडतात. गुंडाळलेले बाळ उताणेच हवे. ते कुशीवर वळण्याची खटपट करू लागले, की गुंडाळणे बंद करावे.

अंथरूण घट्ट आणि सपाट असावे. उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती राईची उशीही झोपेत नको. गोधडी, मऊ खेळणी, सैल पांघरूण चेहऱ्याजवळ नको. घरात ऊब असेल, तर झोपताना कुंची-टोपडे काढावे. झोळीत बाळ उताणेच असते, पण हनुवटी छातीला टेकते आणि कापड तोंडाशी येते. म्हणून झोप लागली की त्याला सपाट जागी ठेवावे. आईच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर निजणे सर्वांत चांगले. घरात विडी-सिगारेट नको. अंगावरचे दूध धोका कमी करते.

आजीच्या खांद्यावर पालथे झोपले तर? आजी जागी असेतोवर हरकत नाही. धोका आहे तो आजीला खुर्चीत किंवा सोफ्यावर डुलकी लागली तर.

डोके चपटे होण्याची भीती काही अंशी खरी आहे. त्याला उपाय दिवसाचा. बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला पालथे खेळवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, न रांगणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे असे सांगितले आहे. त्याने मान आणि खांदेही बळकट होतात. उताणी निजणारी बाळे पालथी पडायला थोडा उशीर करतात, पण चालायला सर्वांच्या बरोबरच लागतात. आणि बाळ आपले आपण दोन्ही बाजूंना वळू लागले, की निजवायचे उताणेच, पण झोपेत ते वळले तर रात्रभर उठून सरळ करत बसायला नको. तोवर अडचणीचे वय बहुधा सरत आलेले असते.

मत बदलले ते कशामुळे?

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे चहाच्या वेळी सांगितले. बाईंनी विचारले, "म्हणजे माझी लेक बरोबर आणि जाऊबाईंचे डॉक्टर चुकले?" चुकले, हे खरे. पण त्यांचा सल्ला कोण्या नव्या लहरीने बदलला नाही. पटणाऱ्या कारणाच्या जागी मोजणी आली, म्हणून बदलला. आपल्या आज्या बाळाला पाळण्यात उताणे ठेवत. तेही कोणी मोजून ठरवले नव्हते, ती रीत होती. राईची उशी हीसुद्धा त्याच घरातली रीत. जुने म्हणून बरोबर नाही आणि नवे म्हणूनही नाही. गणिताच्या सरांना ७५ आणि १२० चा हिशेब दिला. त्यांनी तो त्याच दिवशी नववीच्या वर्गात घातला.

त्या वर्गातून एक गोष्ट कळली. आईबाप कामाला गेल्यावर धाकट्या भावंडाला निजवणाऱ्या मुली तिथे पाच निघाल्या. त्यांतली एक बाळाला पालथे निजवत होती, कारण तसे ते लवकर झोपते आणि तिला गृहपाठाला वेळ मिळतो. आपल्या वर्गातही अशी एखादी असेल. तिला विचारा.